कमलेशवर राहिलेला डाव

बुधाच्या घरी आंधळी कोशिंबीर हा पोरांचा खेळ नव्हता, अख्ख्या घराचा होता. भात झोडून झालं, दाणा घरात गेला, पेंढा एका कडेला रचला, की पाम गावाच्या अलीकडच्या त्या पाड्यातली बाकीची घरं पाय ताणून बसायची आणि बुधाचं घर खळ्यात उतरायचं. शेणानं सारवून गुळगुळीत केलेली गोल जागा, भोवती कुडाचं कुंपण, आतबाहेर करायला एकच फट. म्हातारा, म्हातारी, दोन्ही मुलगे, सून, नात, सगळी आत. शेजारी हसायचे. हसू देत बापडे. ज्यांचं घरात एकमेकांशी वर्षभर धड बोलणं होत नाही, त्यांना असल्या गोष्टींचं हसू यायचंच.

खेळ बुधाच्या बापानं सुरू केला, बुधानं चालवला, आणि कमलेश नि मिथुन हे त्याचे दोन मुलगे त्यातच वाढले. नियम साधे होते. ज्याच्यावर डाव त्याचे डोळे बांधायचे. त्यानं चाचपडत कोणाला तरी धरायचं, चेहऱ्यावरून हात फिरवायचा आणि नाव सांगायचं. धरलेल्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. नाव बरोबर निघालं की डाव धरलेल्यावर. नाव चुकलं की धरलेला सुटला. त्यानं खळ्याबाहेर पडायचं, हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचं. डाव मात्र होता त्याच्यावरच राहायचा.

आणि एक नियम खास ह्या घरचा. डाव अंगावर घेऊन खळ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही; खेळ संपला की डोळ्याचं फडकं खळ्यातच टाकायचं, म्हणजे डाव तिथंच मोडला. कोणी दमलं, कोणाला हाक आली, पोर रडकुंडीला आलं, तर दुसऱ्यानं तो मागून घ्यायचा. "तुझा डाव माझ्यावर," एवढं म्हटलं की झालं. बुधाच्या बापाला ह्यात काय दिसलं होतं कोण जाणे, पण बाकी सगळ्या बाबतीत सैल असलेला बुधा ह्या एका गोष्टीत कडक होता.

भावना लग्न होऊन ह्या घरात आली ती एडवणच्या बाजूनं. तिच्या माहेरी खेळ म्हणजे आईबरोबर ओसरीवर बसून खेळायचे सागरगोटे, तेही आईचं काम आटोपलं तर. पहिल्याच वर्षी सासू भागी डोळ्याला फडकं बांधून, हात पुढे करून खळ्यात फिरताना तिनं पाहिली आणि तिला हसू आवरेना. त्या खुसखुसण्यानंच ती सापडली. सासूनं तिचं नाक चिमटीत धरून सांगितलं, "ही नवी हाय. हिचं नाक आजून आपल्या घरचं नाय झालं." त्या दिवशी भावनाला हे घर आपलं वाटलं. लग्नात वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोला.

गेल्या वर्षी डाव कमलेशवर होता.

पाड्यातली बरीच तरणी पोरं भाताचं काम आटोपलं की गुजरातेत बोटींवर खलाशी म्हणून जातात. कमलेशही जायचा. त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्याला टॉवेल होता, मिथुन त्याला पाठीमागून टपल्या मारत होता, आणि पोरांना न्यायला येणारा टेम्पो ठरल्या वेळेच्या आधीच रस्त्यावर येऊन भोंगा वाजवायला लागला. मग एकच धांदल उडाली. बुधा टेम्पोवाल्याला थांबवायला धावला. भागी सुक्या बोंबलांचं गाठोडं शोधत घरात शिरली. भावना फुगून बसली होती, कारण नवऱ्यानं बोटीवर न जाता बोईसरला एखाद्या कंपनीत लागावं म्हणून ती महिनाभर त्याच्या मागे होती आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. कमलेशनं टॉवेल डोळ्यांवरून गळ्यात ओढला, पिशवी उचलली आणि पळता पळता ओरडला, "डाव ऱ्हाऊ दे माझ्यावर! आल्यावर बघतो एकेकाला!"

सगळे हसले. डाव कोणीच मागून घेतला नाही.

पुढं अवकाळी वारं सुटलं आणि बोट बुडाली. बोटीचा म्होरक्या तांडेल आणि दोघे खलाशी ह्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ओळख पटली, त्यांची माणसं जाऊन ती घेऊन आली. कमलेश लागला नाही. मिथुन तिकडच्या बंदरावर राहून आला, दिसेल त्याला फोटो दाखवून आला, हात हलवत परत आला. पाड्यातले जाणते म्हणायला लागले की दिवस घाला, किती दिवस असं ठेवणार. भागीनं ऐकलं नाही. "दिवस मेल्याचं घालतात," ती म्हणायची. "माझ्या पोराचा डाव बाकी हाय." लोकांना वाटलं, म्हातारी भ्रमली.

भावना बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला लागली. डब्यांवर चिकटपट्टी मारायची आणि पुढं ढकलायचे. सुपरवायझर अधूनमधून ओरडायचा, "भावना, ध्यान किधर है?" ध्यान कुठं असणार होतं? नवरा मेलाय की जिवंत आहे हे जिला ठाऊक नाही, तिनं कुंकू लावताना रोज आरशासमोर काय विचार करायचा, हे त्या सुपरवायझरला कोणी सांगावं. रडायचं तर आधी मेला म्हणायला हवं. वाट बघायची तर हसत बघायला हवी. तिला दोन्ही जमत नव्हतं. तिला एकच हवं होतं, एकदा, एकदाच, त्याला हात लागायला हवा होता.

यंदा भात झोडायच्या आधी बुधानं खळं नेहमीसारखं केलं. जमीन चोपली, कूड नवा लावला, भागीनं आणि भावनानं मिळून सारवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भागी खळ्याच्या फटीपाशी उभी राहून आत बघत होती. ओल्या सारवणावर पावलं उमटली होती. चालणाऱ्या माणसाची उमटतात तशी नव्हेत. पाय न उचलता, सरकवत सरकवत गेलेली, कुडाच्या कडेकडेनं गोल, पुन्हा गोल, मध्येच थबकून वळलेली. फटीजवळून ती कितीदा तरी गेली होती, पण एकदाही बाहेर पडली नव्हती.

"वासरू शिरलं आसंल," मिथुन म्हणाला.

"वासराला बोटं आसतात का रं?" भागी म्हणाली.

त्या चालीनं कोण चालतं हे त्या घरात सांगावं लागत नव्हतं. डोळे बांधलेला माणूस तसाच चालतो. भागीनं पुन्हा सारवलं. सकाळी पुन्हा पावलं. मिथुन मग वासराचं नाव काढेनासा झाला आणि खळ्याच्या बाजूला जाणंही त्यानं टाळायला सुरुवात केली. झोडणी कशीबशी उरकली. ह्या वर्षी पेंढा रचून झाल्यावर कोणी खेळायचं नाव घेतलं नाही.

भावनाला भीती वाटली हे खरं. कामावरून येताना फाट्यावर रिक्षातून उतरून पाड्याकडे चालताना ती मुद्दाम रेंगाळायची. दिवेलागणीला खळ्यातला पेंढा खसफसायचा. वारा नसताना खसफसायचा, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, कोणीतरी हातानं चाचपत गेल्यासारखा. पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. एके संध्याकाळी ती घरात न जाता डबा घेऊन तशीच खळ्यात शिरली. मधोमध उभी राहिली. हलली नाही. 'धर मला,' ती मनात म्हणत होती, 'मी हाय इथं, धर.' पेंढा खसफसला, थांबला. बोईसरच्या बाजूचा तो कारखान्यांचा उग्र वास आला, त्यात मध्येच खारं काहीतरी आलं आणि गेलं. कोणी धरलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन उभी राहिली. तिला हे कोणाला सांगायची लाज वाटली. नवऱ्याच्या हातांची इतकी ओढ असते हे बाई कोणापाशी बोलते?

मग एक दिवस वेगळंच घडलं. पूर्वी ही भावना आणि कमलेशची मुलगी, सहा वर्षांची. ती पेंढ्याच्या कडेला भातुकली मांडून बसली होती. जेवताना ती सहज सांगावं तसं म्हणाली, "आज कोनी तरी माझ्या केसांवर हात फिरवला."

भावनाचा घास हातात राहिला.

"कोन?"

"दिसला नाय. हात गार व्हता. मी बोललीच नाय. बोललं की वळखतात ना? मंग हात माझ्या कपाळापरेंत आला, आन् दुसरीकडं गेला."

भागीचा चेहरा उजळला. तिनं नातीला जवळ ओढून तिच्या केसांचा, त्या न दिसलेल्या हाताचा मुका घेतला. "आलाय माझा पोर," ती म्हणाली. "घर सोडून नाय गेला."

बुधा मात्र पांढरा पडला. त्यानं पूर्वीला हात धुवायला पाठवलं आणि मग तो बोलला, हळू, जमिनीकडे बघत. "आज कपाळापरेंत आला. उद्या नाकापरेंत येल. त्यानं पोरीला वळखली आन् नाव घेतलं, तर डाव कोनावर जाईल? सांग की."

सांगायची गरज नव्हती. जिथं तो फिरतोय तिथं ती फिरायला लागेल, डोळे बांधून, एवढीशी.

"त्याचा डाव कोनी तरी घ्याला पायजे," बुधा म्हणाला. "गेल्या साली घ्याला पायजे व्हता. आपुन हासत बसलो."

"मी घेते," भागी लगेच म्हणाली. "मी त्याला अंधारात वळखीन. मी त्याला शंभर मानसांत वळखीन."

"म्हनूनच तू नाय."

"का नाय?"

"तू त्याचं नाव घेशील," बुधा म्हणाला. "नाव घेतलंस की डाव परत त्याच्यावर. मंग तो कवाच जायाचा नाय. जो डाव घेल त्यानं त्याला धरायचा, आन् नाव चुकवायचं. चुकलं की तो सुटला."

भागी उठून चुलीपाशी जाऊन बसली. तिला सगळं कळलं होतं आणि काहीच मान्य नव्हतं. मिथुन म्हणाला की मी घेतो, पण बोलता बोलताच तो दाराकडे सरकत होता, आणि खळ्यात शिरल्यावर हा पळत सुटणार हे सगळ्यांना दिसत होतं. भावनानं बोटं चाटली, ताट सरकवलं आणि म्हणाली, "मी घेते."

बुधानं मान हलवली. सून समंजस आहे असं त्याला वाटलं. इथं म्हातारा फसला. भावनानं मनाशी वेगळंच ठरवलं होतं. ती त्याला धरणार होती आणि नाव घेणार होती. डाव कमलेशवर ठेवणार होती. पूर्वीला आजोळी एडवणला पाठवायचं, खळ्याची फट बंद करायची, आणि रोज कामावरून आलं की आपण एकटीनं आत जाऊन उभं राहायचं. आज ना उद्या तो धरेल. गार हाताचा, न दिसणारा, कसाही. नसण्यापेक्षा तसला नवरा काय वाईट? वेड लागलं होतं म्हणा हवं तर. रात्रभर कूस बदलत तिनं त्याच्या चेहऱ्यावरून हात कसा फिरवायचा ह्याची मनातल्या मनात उजळणी केली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. पूर्वीला शेजाऱ्यांकडे ठेवून दिवे लागायच्या सुमारास चौघं खळ्यात उतरली. आकाश अजून तांबूस होतं. चार माणसं अंतरा-अंतरावर उभी राहिली, आणि एवढी कमी माणसं त्या खळ्यात कधी खेळली नव्हती. भावनानं ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली. मग मोठ्यानं म्हणाली, "तुझा डाव माझ्यावर."

पेंढ्याची खसफस एकदम थांबली. फाट्यावरून ट्रक गेला, त्याचा आवाज दूर विरला, आणि मग फक्त श्वास ऐकू यायला लागले. डावीकडे बुधाची घरघर. त्याच्या पलीकडे भागीच्या बांगड्या, ती हात आवळून उभी असणार. फटीच्या बाजूला मिथुन, तंबाखूचा वास. भावना पाय सरकवत निघाली. तिला बाकी कोणी नको होतं. उजवीकडे, जिथं कोणीच उभं नव्हतं, तिथून डिझेलचा आणि वाळलेल्या मिठाचा वास येत होता. बोटीवरून परत आल्यावर धुतलेल्या कपड्यांनाही आठवडाभर यायचा तो वास. ती त्या वासाकडे गेली. हात पुढे केले. हात लागले.

तो पळाला नाही.

तिनं चेहरा दोन्ही हातांत घेतला. गार होता, ओला होता. दाढी वाढलेली. कपाळाला, जिथं टॉवेलची पट्टी बसते, तिथं खोल वळ पडला होता, वर्षभर काही आवळून बांधल्यावर पडेल तसा. डोळे मिटलेले, पापण्यांवर मिठाचा चुरा. कानाची वरची कड तुटकी, लहानपणी मिथुननं विळ्यानं तोडलेली. नाव तिच्या ओठांवर आलं. एवढं सोपं होतं ते. आणि तेव्हा तिचा अंगठा त्याच्या तोंडावर गेला.

कमलेश खेळात कधी लपू शकायचा नाही. धरलं की त्याला हसू फुटायचं. चेहरा चाचपायच्या आधीच तो खी खी करायचा आणि आपण होऊन डाव ओढवून घ्यायचा. ह्यावरून त्याची किती टिंगल व्हायची. आता त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. दात ओठांत रुतवून त्यानं मिटून धरले होते. ओठ थरथरत होते, गाल थरथरत होते. हसू येत होतं की रडू, तिला कळेना, पण एवढं कळलं की तो सगळा जीव एकवटून गप्प राहतोय. त्याला ओळखू यायचं नाहीये. त्याला सुटायचंय. त्याच्या डोक्याचा भार तिच्या तळहातांवर आला, बोटीवरून आल्यावर तो न जेवता भिंतीला टेकून झोपायचा तसा. किती दमला होता तो. आणि ती त्याला ठेवून घ्यायला निघाली होती.

भावनाला मोठ्यानं रडावंसं वाटलं. तिनं त्याचा चेहरा आणखी थोडा वेळ धरून ठेवला, कोणाला न कळेल इतपतच.

"मिथुन," ती म्हणाली.

"मी हिकडं हाय, वैनी," फटीपाशी उभा असलेला मिथुन रडवेल्या आवाजात म्हणाला.

हातांमधलं वजन गेलं. कोणीतरी तिच्याजवळून पुढं गेलं, ह्या वेळी पावलं उचलून, नीट, भराभर. मिथुन फटीतून एकदम बाजूला झाला, कोणाला वाट द्यावी तसा. मग बाहेर, मोरीपाशी, पाण्याचा तांब्या कलंडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काही नाही. भावनानं ओढणी काढून खळ्यातच टाकली, डाव मोडला, तेव्हा उजवी बाजू रिकामी होती. तिचे तळवे ओले होते आणि ते ती कपड्यांना पुसत नव्हती.

भागी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं सुनेचे हात पाहिले. ते उचलून नाकाशी नेले, वास घेतला, आणि मग त्या म्हातारीचा तोल सुटला.

"तुझ्या हातांत व्हता," ती म्हणाली. "तुझ्या हातांत व्हता माझा पोर. तुला वळखू आला नाय?"

बुधा काही बोलणार होता. भावनानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प राहिला. नाव चुकवायचा तो नियम भागीलाही ठाऊक होता. पण ठाऊक असणं निराळं आणि पोटच्या पोराला जाताना ऐकणं निराळं. तिला कोणावर तरी राग धरायला हवा होता, नाहीतर ती तिथंच मेली असती. भावनाला ते दिसलं. ती म्हणू शकली असती की आये, ओळखला, पहिल्या स्पर्शाला ओळखला, तूच सांग काय करायला हवं होतं. पण मग म्हातारीनं उरलेलं आयुष्य काय केलं असतं? दाराशी आलेल्याला जाणूनबुजून जाऊ दिलं हे ऐकून ती झोपली असती का?

"नाय आये," भावना म्हणाली. "नाय वळखू आला."

त्या आठवड्यात बुधानं दिवस घातले. पावलं पुन्हा उमटली नाहीत. पामहून, एडवणहून माणसं आली, पाडा आला. मांडवात बसलेल्या बायकांना भागी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, की आठ वर्षं एका घरात राहून, पोर जन्माला घालून, हिला स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा हाताला कळला नाही. बायका च् च् करत होत्या आणि वळून वळून भावनाकडे बघत होत्या. भावना पांढऱ्या कपाळानं पंक्तीतून फिरत होती, आणि सासूच्या पानाशी आल्यावर तिनं वाकून, विचारून, तिला आणखी थोडा भात वाढला.